आरशातली पांढरी नावं

४ फेब्रुवारी २००३, मंगळवार

फीफीने मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर परदेशी व्ह्यूअर, पडद्यावर पान दाखवणारा प्रोग्राम, चढवला. मला न विचारता. सकाळी डिस्क शोधायला आत गेलो तर पडद्यावर भलतीच राखाडी खिडकी.

‘मास्टर, फुकट आहे. मासिकाबरोबर सीडी आली होती, तिच्यात मिळाला.’

फुकट! तिकडून फुकटात काय काय येतं इथे — उतरलेले कपडे, थंड न करणारे फ्रीज. आता उतरलेली अक्कलही आली.

लिहून ठेवतो, म्हणजे राग तरी नीट बसेल. गिऱ्हाईक पान घेऊन येतं ते पोस्टस्क्रिप्टमध्ये. म्हणजे चित्र नाही, नुसते हुकूम — इथून तिथवर रेघ ओढ, हा चौकोन लाल भर, हे अक्षर इथे ठेव. यंत्र ते हुकूम पाळतं आणि छपाईची फिल्म निघते. माणसाने वाचले तर डोकं फिरेल. म्हणून फिल्म काढायच्या आधी कुणीतरी तेच हुकूम पाळून पडद्यावर पान उभं करून दाखवावं लागतं. साऱ्या कुमासी शहरात फिल्म वाया गेल्याच्या रडकथा आहेत, मॅडम अचियांच्या दुकानात नाहीत. कारण इथे माझा प्रोग्राम आहे. मी लिहिलेला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. नाव अहवेहवे, म्हणजे आरसा. ना कॉलेज, ना गुरू. एका पाद्र्याने टाकून दिलेलं, वाळवीने खाल्लेलं त्या हुकमांच्या भाषेचं पुस्तक आणि मी.

फीफीला हे सांगून उपयोग नाही. केप कोस्टचा, पॉलिटेक्निकचा, तिशी उलटलेला. पानं सुंदर मांडतो, ते मान्य. पण हात जेवढा चांगला तेवढीच जीभ लांब.

५ फेब्रुवारी

मॅडमपाशी विषय काढला. ‘राहू दे की, निमाको. दोन डोळ्यांपेक्षा चार बरे.’

म्हणजे माझे दोन कमी पडायला लागले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानाच्या फोनवर बहीण पोमा, गावाहून, ओफिन्सोहून. बाबा गेले.

पडद्यावर चर्चच्या कॅलेंडरचा मार्च महिना होता. तो संपवला. मग उठलो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांना जाऊन आठवडा झाला, त्याची बैठक झाली. ओफिन्सोला, बाबांच्या घराण्याच्या अंगणात. मांडवाखाली सावलीत घराणं — म्हातारे, बाबांच्या बहिणी, भाचे. आम्ही मुलं समोर उन्हात, भाड्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. बरोबरच आहे. आम्ही आईच्या घराण्याचे. बापाचं रक्त आपलं, बापाचं घर आपलं नाही. जमीन, कोकोची बाग, सगळं भाच्याकडे जातं. रीत आहे. रीतीशी माझं भांडण नाही.

माझं भांडण दुसरं. कोको जळाला त्या वर्षी एकाचीच फी भरता येणार होती. बाबांनी मला शाळेतून काढलं आणि बहिणीच्या मुलाची भरली. मी तिसरीत होतो मोठ्या शाळेच्या, तो भाचा, यॉ बादू, तोही तिसरीतच. गणितात मी त्याच्या पुढे होतो. आज तो विद्यापीठात मातीबद्दल शिकवतो. डॉक्टर बादू! मातीचा डॉक्टर. मी रेडिओ दुरुस्त करत करत कॉम्प्युटरपाशी पोचलो.

घराण्याचे प्रमुख ओपानिन अदुत्वुम काठी टेकवत म्हणाले, ‘शवपेटी मुलांनी आणायची. आठवण करून द्यायला नको ना?’

‘नको,’ मी म्हटलं. ‘बापाची पेटी मुलंच आणतात, ठाऊक आहे. पण पोस्टरवर आमची नावं कुठे आहेत?’

त्यांच्या कच्च्या कागदावर भाच्यांची नावं पदव्यांसकट. शेवटी एक ओळ — मुलं व नातवंडं. जशी काही कोंबडीची पिल्लं.

‘मुलं म्हटलं की त्यात सगळे आले.’

‘मग भाच्यांनाही तसंच म्हणा. एका ओळीत मावतील.’

मागून कुणा बाईचा आवाज: ‘याला बारशाला पाण्याऐवजी मिरची चाटवली होती का गं?’ सगळे हसले. शोकाच्या बैठकीत.

मग बादू उठला. ‘घालू या ना नावं. क्वाजो,’ माझ्याकडे बोट केलं, ‘पोमा, अक्वासी. त्यात कसली अडचण?’

इतक्या सहज? इतक्या सहज हो म्हणणाऱ्याच्या मुठीत काहीतरी असतं.

अक्वासीला इटलीत फोन लावला. टोमॅटोच्या शेतावर होता. रडला. धाकटा आहे, त्याच्या वेळी कोको बरा होता. त्याला बाबा चांगले आठवतात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अंत्यविधी २९ मार्चला ठरला. पोस्टर आमच्याच दुकानात. मॅडम म्हणाल्या, ‘तुमच्या वडिलांचं काम बाहेर गेलं तर लोक मला हसतील.’

फीफीने मांडलं. वर मथळा: ‘प्रभूचं बोलावणं’. तरुण माणूस गेला असता तर ‘केवढा हा घाला’ आलं असतं. ऐंशी ओलांडलेल्याला बोलावणंच येतं. मध्ये बाबा, केंटेचं रंगीत कापड पांघरलेले, फोटोसाठी कधी न हसलेले. खाली फिकट पट्ट्यावर काळ्या अक्षरांत आम्ही तिघं. त्याखाली पांढऱ्यावर घराणं.

ओपानिन स्वतः पाहायला आले. बाकावर बसून कोलाची बी चघळत राहिले. मग म्हणाले, ‘हा पट्टा आजारी दिसतो. शोक असा फिका असतो का रे? अंगावरच्या कापडासारखा गडद लाल कर.’

फीफीने लाल केला. काळी अक्षरं त्यात बुडाली. म्हणून त्याने अक्षरं पांढरी केली. एक टिचकी, झालं काम.

फाइल अहवेहवेत उघडली. लाल पट्टा, त्यावर पांढरी नावं. पहिलं माझं. बाबांच्या नावाजवळ माझं नाव छापील अक्षरांत मी कधी पाहिलेलं नव्हतं. मोठं करून पाहिलं. कडा स्वच्छ, अंतरं सारखी. पोमाच्या नावानंतर एक मोकळी जागा जास्त होती, ती फीफीला काढायला लावली. पुन्हा उघडलं. पुन्हा पाहिलं.

फीफी दाराशीच घुटमळत होता. ‘मास्टर, फिल्मला पाठवायच्या आधी एकदा आतल्या खिडकीतही बघू या? तिच्यात चारही रंगांची फिल्म वेगवेगळी दिसते.’

‘माझ्या बापाचं पोस्टर तुझ्या फुकट्याच्या खिडकीतून बघू?’

‘बघायला काय जातं?’

‘माझी लाज जाते.’

ओपानिन खुदखुदले. ‘एका घरात दोन आरसे आले की सवती भांडतात ऐकलं होतं. इथे पुरुष भांडतायत.’

मी मान डोलावली. या दुकानात माझी मान म्हणजे शिक्का. फिल्म निघाली आणि तशीच गुंडाळून छापखान्यात गेली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

केजेतियाच्या चौकात बाबा. भिंतीवर ओळीने चिकटवलेले, खळ अजून ओली.

पट्टा लाल. नुसता लाल. त्यावर काही नाही.

जवळ जाऊन बोटाने घासून पाहिलं, जणू नावं रंगाच्या खाली असतील. चिकटवणारा खेकसला, ‘अहो काका, सुकू तरी द्या त्याला!’ खाली भाचे मात्र ठसठशीत. डॉ. यॉ बादू, विद्यापीठासकट.

पोमाचा फोन आला तेव्हा तिने आधीच रडून घेतलं होतं. ‘दादा, आपली नावं कुठेत? इथे नळावर बायका विचारतायत, तुम्ही खरंच त्याचीच ना म्हणून.’

बादूच्या मुठीत काय होतं ते कळलं.

१ मार्च, शनिवार

छापखान्यातून फिल्म परत मागवली. उजेडावर धरली. फिल्मवर जिथे शाई लागायची तिथे काळं असतं. पट्ट्याच्या जागी सलग काळा ठोकळा, अक्षराएवढं छिद्रसुद्धा नाही. म्हणजे छापखान्याचा दोष नाही. मग फाइल अहवेहवेत उघडली. नावं जागच्या जागी, पांढरीशुभ्र.

दोन आणि दोन चार. मी पाहिलं ते पान वेगळं, फिल्मला गेलं ते वेगळं. माझं टेबल आणि फिल्मचं यंत्र यांच्यामधे हात कुणाचा? फीफीचा.

‘बादूने काय कबूल केलंय तुला?’

‘कोण बादू?’

‘मातीचा डॉक्टर!’

‘मास्टर, फाइल तीच आहे. मी हात लावलेला नाही. आत या, दोन मिनिटांत दाखवतो —’

‘तू मला दाखवणार? अजून शेंबूड पुसत होतास तेव्हा मी हुकूम वाचत होतो.’

मॅडम मधे पडल्या. ‘निमाको, शोकात आहात म्हणून ऐकून घेतेय. माझ्या दुकानात चोर नाहीत.’

‘चोर नाहीत तर नावं कुणी नेली?’

फीफीने हात झटकले आणि बाहेर जाऊन केळ्याचे तळलेले काप खात उभा राहिला. चोरी पचलेली माणसं अशीच खातात.

५ मार्च

ओपानिनना निरोप धाडला. नाव नाही, तर पेटी नाही.

६ मार्च

स्वातंत्र्यदिन. दुकान बंद. झेंडे, ढोल, शाळेची पोरं. पेटीचा विचार करायचा नाही असं ठरवलं आणि दिवसभर पेटीचाच केला. लाकूड महोगनी की ओडुम. कड्या पितळेच्या. कोपरे खाचेत बसवलेले, खिळे ठोकलेले नकोत.

८ मार्च, शनिवार

पोमा आली. डोक्यावर कच्च्या केळ्यांचा घड, तोंडात प्रश्नांची फैर तयार.

‘बाबांना काय चटईत गुंडाळायचं?’

‘भाचा आणेल पेटी. मोटार आहे त्याच्याकडे.’

‘भाच्याने पेटी आणली तर लोक काय म्हणतील ते कळतंय का तुला? म्हणतील, याला पोरंच नव्हती.’

‘पोस्टरवर तेच तर लिहिलंय.’

‘दादा, तू बाबांशी भांडतोयस की बादूशी?’

बायकांना असले प्रश्न सुचतात. जाताना घड इथेच ठेवून गेली. माझ्या बायकोच्या कानाशी म्हणाली, ‘अफुआ, याला उकडून घाल, तळून घातलं की डोक्यात जातं.’ मला ऐकू जाईल एवढ्याने.

९ मार्च, रविवार

चर्च सुटल्यावर दारात बादू. एकटा.

अफुआने पाणी दिलं. पाणी शत्रूलाही द्यावं लागतं. पाहुण्याचं पाणी पिऊन झालं की यजमानाने विचारायचं, येणं कशासाठी केलंत. ते विचारल्याशिवाय पाहुणा तोंड उघडत नाही. मी विचारलं नाही. भिंतीकडे बघत बसलो. त्याने पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला, रिकामा पेला तोंडाला लावला. अफुआ पडद्याआडून डोळे मोठे करत होती. करू दे.

शेवटी तोच बोलला. ‘तू विचारत नाहीस, तरी सांगतो. मी ते केलेलं नाही, क्वाजो.’

‘नावं पाय फुटून गेली.’

‘कशी गेली मला कळत नाही. पोस्टर पुन्हा छापू. पट्टा फिका ठेवू हवं तर, पहिल्यासारखा.’

‘फिका म्हणजे? आता रंगही तूच ठरवणार?’

‘बरं. तुझ्या त्या आरशात मला दाखवशील का एकदा? मला खरंच समजून घ्यायचंय.’

‘तू मातीत बघ. तिथे तुझी नजर चालते.’

तो हसला नाही, चिडलाही नाही. हेच मला लहानपणापासून सहन होत नाही. उठता उठता म्हणाला, ‘मामा सगळ्यांना सांगायचे, माझ्या पोराने यंत्राला डोळे दिले. पामवाइनच्या बैठकीत दर वेळी. आम्हाला पाठ झालं होतं.’

मला नाही कधी सांगितलं. मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं. अफुआ नंतर म्हणाली, ‘खोटं बोलणारा माणूस एवढं साधं खोटं कशाला बोलेल?’ तिला म्हटलं, जेवायला वाढ.

१५ मार्च

प्रकरण पंचांकडे गेलं. पुढच्या शनिवारी ओफिन्सोला बैठक. बरं झालं.

१८ मार्च, मंगळवार

पुरावा तयार केला. अहवेहवेतून पोस्टरचं पान रंगीत कागदावर काढलं. लाल पट्टा, पांढरी नावं. कडक पुठ्ठ्यावर चिकटवलं, कडा पट्टीने कापल्या. म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर कळत नाही, कागद कळतो. हे पान माझ्यासमोर होतं, हे पान मी पास केलं. पुढे ज्याने बदललं त्याने सांगावं.

फीफी वाकून बघत होता. ‘मास्टर, हे नेऊ नका.’

‘घाबरलास?’

‘हो,’ म्हणाला. ‘तुमच्यासाठी.’

उद्धटपणालाही सीमा असते.

२२ मार्च, शनिवार

कालच ओफिन्सोला येऊन राहिलो, पोमाकडे. आज सकाळी बैठक.

बादूची मोटार आली, आणि तिच्यातून कोण उतरावं? फीफी. पुढच्या सीटवरून! मला आणखी पुराव्याची गरजच उरली नाही. पोमाला कोपराने ढोसलं. ‘बघ,’ म्हटलं. ‘बघ कुणाच्या गाडीतून आला.’

पंचांनी आधी मला बोलायला सांगितलं. मी बोललो. चांगला बोललो. आवाज चढला नाही. कोकोच्या वर्षाचा विषय काढायचा नव्हता, तोही आला. पुठ्ठा हातोहात फिरला. एक म्हातारी पंच तो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, ‘नावं आहेत की. मला चष्म्याशिवाय दिसतायत.’ दुसरे म्हणाले, ‘मग भिंतीवर का नाहीत? भिंतीला चष्मा लागतो?’ हशा.

मग बादूला बोलावलं. मी तयार होतो. नाकारेल, फीफीवर ढकलेल, फीफी त्याच्यावर. प्रत्येकाला उत्तर होतं माझ्यापाशी.

त्याने चपला काढल्या. खांद्यावरचं कापड कमरेपर्यंत खाली घेतलं. उघड्या खांद्यांनी उभा राहिला, विद्यापीठाचा माणूस. म्हणाला, ‘चूक आमच्या घरची आहे. मामांच्या मुलांची नावं आमच्यामुळे गेली. घराण्याच्या वतीने मी माफी मागतो.’

ओपानिन अदुत्वुम ताडकन उठले. ‘अरे, कुणी केली चूक? मी तर फक्त पट्टा —’ बादूने त्यांच्या दंडावर हात ठेवला. ते खाली बसले, पुटपुटत.

‘नावं कशी गेली ते सांग,’ पंच म्हणाले.

‘ते विचारू नका. गेली ती गेली. दोष आमचा.’

फीफी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

निकाल: घराण्याने आम्हाला एक मेंढा आणि श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या द्याव्यात, पोस्टर नव्याने छापावं. मेंढा तिथेच कापला. श्नॅप्स जमिनीवर ओतलं, बाबांना सांगितलं की मुलांचं समाधान झालं. मला विचारलं, समाधान झालं का? मी म्हटलं, झालं. पेटी येईल.

तीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाला माझ्यासमोर मान खाली घालून पाहिलं. सूप चांगलं झालं होतं. दोनदा घेतलं.

३० मार्च, रविवार

काल बाबांना पोचवलं. ओडुमची पेटी, पितळी कड्या, कोपरे खाचेत. आम्ही तिघांनी नेली; अक्वासी आला होता, कापडाखाली स्वेटर घालून. नव्या पोस्टरवर फिकट पट्टा, काळी नावं. माझं पहिलं. बायका थांबून वाचत होत्या.

गर्दीत बादू भेटला. हात पुढे केला त्याने. मी घेतला, पण वरच्या वर.

३ एप्रिल, गुरुवार

फीफीवर विश्वास नाही, म्हणून हल्ली डिस्क मीच टेबलापासून फिल्मच्या यंत्रापर्यंत नेतो. हातातून हातात नाही. माझ्याच हातात.

आज एका चर्चच्या मेळाव्याचं पत्रक. निळी पार्श्वभूमी, पांढऱ्या अक्षरांत पास्टरचं नाव. अहवेहवेत पाहिलं, नाव ठळक. डिस्क काढली, स्वतः नेली, यंत्राशी उभा राहिलो, फिल्म निघेपर्यंत हललो नाही.

उजेडावर धरली. सलग काळं. नाव नाही.

मधे कोणी नव्हतं. बादू नव्हता, फीफी शेजारच्या दुकानात चहा पीत होता. मी होतो.

फाइलीतले हुकूम वाचायला बसलो. दुपार गेली. सापडलं ते इतकं साधं होतं की पहिल्यांदा पुढे वाचत गेलो. काळं अक्षर रंगावर सरळ छापतात, खालचा रंग कापत नाहीत. काळं सगळ्यावर चढतं. त्यासाठी एक हुकूम असतो: ओव्हरप्रिंट, खाली जागा कापू नकोस. पत्रकातलंही नाव आधी काळं होतं. नंतर पांढरं केलं, आणि तो हुकूम तसाच राहिला. पांढरं म्हणजे शाईच नाही. पांढरं नाव दिसायचं तर खालचा रंग कापून कागद उघडा पडावा लागतो. कापू नकोस म्हटल्यावर यंत्राने कापला नाही. यंत्राचं काय चुकलं?

मग अहवेहवेची माझी ओळ काढली. तो हुकूम आला की माझा प्रोग्राम तो वाचतो आणि सोडून देतो. पडद्याला त्याची गरज नाही, असं मीच ठरवलं होतं. टीपही लिहिली आहे शेजारी, नीटनेटकी.

बाबांचं पोस्टर उघडलं. तिन्ही नावांवर तोच हुकूम.

दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा मॅडमनी विचारलं, ‘बरं नाही का?’ म्हटलं, ऊन लागलं.

४ एप्रिल, शुक्रवार

फीफी आतल्या खोलीत एकटाच होता. विचारलं, तुला ठाऊक होतं?

‘एक मार्चला कळलं. तुम्ही आत आला नाहीत.’

‘मग पंचांपुढे गप्प का बसलास?’

‘बैठकीच्या आदल्या दिवशी तुम्ही ओफिन्सोला गेलात ना, तेव्हा डॉक्टर इथे आले होते. मी दोन्ही खिडक्यांत दाखवलं. सगळं समजलं त्यांना. दुसऱ्या दिवशी गाडीत म्हणाले, तिथे तोंड उघडायचं नाही. मी म्हटलं, अहो, दोष तुमच्या घरावर येईल. तर म्हणाले, येऊ दे. त्याची शाळा माझ्यामुळे सुटली. स्वतः कमावलेलं असं त्याच्याकडे हा एक आरसाच आहे, तोही चार माणसांत मीच काढून घेऊ?’